नव्या कादंबरीचे विद्यापीठीय अध्ययन : कोल्हापूरचा दाखला

आपल्या विद्यापीठांतून कादंबरीचे जे पदव्युत्तर अध्ययन आज चालते, त्याच्या अभ्यासक्रमांत, चर्चासत्रांच्या निमंत्रणपत्रिकांत आणि पीएच.डी.च्या प्रबंधांच्या शीर्षकांत ‘उत्तर-आधुनिक’ आणि ‘वसाहतोत्तर’ ही दोन विशेषणे गेल्या काही दशकांत इतकी रुळली आहेत की, ती कोणत्या मुलखातून, कोणत्या वाटेने आणि कोणाच्या शिफारशीने आपल्या दप्तरी दाखल झाली, याची चौकशी करण्याची गरज सहसा कोणास वाटत नाही. अशा चौकशीसाठी कोल्हापूर हे ठिकाण मुंबई-पुण्याच्या मानाने आडवळणाचे वाटण्याचा संभव आहे. परंतु संस्थानी राजवटीचा वारसा, मराठी आणि कानडी यांची शेजारधर्माने चालत आलेली देवघेव, बहुजनसमाजाच्या शिक्षणाची शंभराहून अधिक वर्षांची परंपरा आणि इंग्रजी साहित्याच्या अध्यापनाची एक स्वतंत्र बाण्याची पिढी, हे या प्रश्नाचे सारे पदर येथे जसे एकत्र सापडतात तसे महाराष्ट्रात अन्यत्र क्वचितच सापडतील, असे माझे मत आहे. आणि प्रस्तुत आढाव्यात ते तपासून पाहावयाचे आहे.

पाश्चात्य विद्याक्षेत्रात हे दोन विचारव्यूह जवळजवळ एकाच सुमारास आकारास आले. एडवर्ड सईद यांचा ‘ओरिएंटॅलिझम’ हा ग्रंथ १९७८ साली प्रसिद्ध झाला आणि पौर्वात्य जगाविषयी युरोपने जमविलेले ज्ञान हे साम्राज्याच्या कारभाराचेच एक अंग कसे होते, हे त्याने दाखविले. त्याच्या पुढच्याच वर्षी ल्योतार या फ्रेंच तत्त्वचिंतकाने, प्रगती, मुक्ती, इतिहासाची ठरलेली दिशा अशा ज्या महाकथनांच्या आधारावर आधुनिक युरोप उभा होता, त्यांवरील विश्वास आता उडाला असल्याचा निर्वाळा दिला. १९८१ साली सलमान रश्दी यांची ‘मिडनाइट्स चिल्ड्रन’ ही कादंबरी अवतरली. साम्राज्याच्या वारशाचा हिशेब आणि कथनाच्या खरेपणाविषयीचा संशय हे दोन्ही तिच्यात एकाच लबाड निवेदकाच्या तोंडी आल्यामुळे, दोन्ही विषय एकाच अभ्यासपत्रिकेत उरकण्याची सोय जगभरच्या प्राध्यापकांस झाली. पुढे ब्रायन मॅकहेल यांचा १९८७ चा, लिंडा हचन यांचा १९८८ चा आणि ॲशक्रॉफ्ट, ग्रिफिथ्स व टिफिन या त्रयीचा ‘द एम्पायर राइट्स बॅक’ हा १९८९ चा, असे ग्रंथ पाठोपाठ आले आणि त्यांतील परिभाषा परीक्षेच्या प्रश्नपत्रिकांपर्यंत पोहोचली.

या सोयीपायी एक मूलगामी भेद मात्र झाकला गेला. वसाहतोत्तर लेखक हा स्वभावतः फिर्यादी असतो. आपली जमीन, आपली भाषा आणि आपला भूतकाळ हिरावला गेला, अशी त्याची फिर्याद असते आणि तिच्या शाबितीसाठी इतिहास नावाची काहीतरी खरी वस्तू असावी लागते. उत्तर-आधुनिक लेखक मात्र दप्तरातील प्रत्येक कागदावरच संशय घेतो, मग तो कागद सरकारचा असो वा रयतेचा. ज्या कचेरीत सगळेच दस्तऐवज संशयास्पद ठरले, तेथे फिर्यादीने दावा शाबीत करावा तरी कशावर? हा प्रश्न वर्गात विचारला गेला पाहिजे. पण दोन्ही वादांची ‘वैशिष्ट्ये’ सहा-सहा मुद्द्यांत पाठ करणाऱ्या विद्यार्थ्यापुढे तो बहुधा येतच नाही.

आता कोल्हापुराकडे वळू. शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते १८ नोव्हेंबर १९६२ रोजी झाले आणि डॉ. आप्पासाहेब पवार हे त्याचे पहिले कुलगुरू झाले. परंतु वाङ्मयाच्या उच्च अध्ययनाची येथील परंपरा त्याच्या कितीतरी आधीची, म्हणजे राजाराम कॉलेजाची आहे. त्या कॉलेजात माधव जूलियन फारसी शिकवीत, ना. सी. फडके तर्कशास्त्र शिकवून कादंबऱ्या लिहीत, बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर इंग्रजी साहित्यावर बोलत, आणि संस्थानाच्या विलीनीकरणानंतर कानडीचे थोर कवी वि. कृ. गोकाक तेथे प्राचार्य होते. विद्यापीठाच्या ग्रंथालयास आज खर्डेकरांचेच नाव आहे. येथे एक गोष्ट सहज लक्षात येते. वर्गात एक भाषा शिकवावी आणि घरी आपल्या भाषेत लिहावे, असे दुहेरी जीवन जगणाऱ्या अध्यापकांची एक मोठी परंपराच कोल्हापूर-बेळगाव-धारवाड या पट्ट्यात नांदत होती. धारवाडात जी. ए. कुलकर्णी इंग्रजी शिकवीत आणि मराठी कथा लिहीत; याच जातीचे शांतिनाथ देसाई हे शिवाजी विद्यापीठाच्या इंग्रजी विभागास लाभले.

देसाई कानडी कादंबरीकार होते. १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘मुक्ती’ या कादंबरीने कानडी नवसाहित्यात आपले स्थान निश्चित केले. आणि जैन समाजजीवनाचा वेध घेणाऱ्या ‘ओम् णमो’ या कादंबरीस २००० सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तेव्हा ते हयात नव्हते. मधल्या काळात कोल्हापुरात इंग्रजीचे अध्यापन करून पुढे ते नव्याने स्थापन झालेल्या कुवेंपू विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. या आढाव्याच्या दृष्टीने त्यांची दोन कामे महत्त्वाची आहेत. पहिले म्हणजे म. कृ. नाईक आणि जी. एस. आमूर यांच्या समवेत संपादिलेला भारतीय इंग्रजी लेखनावरील समीक्षालेखांचा संग्रह, जो धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाने १९६८ साली काढला. आणि दुसरे म्हणजे १९७४ साली खुद्द शिवाजी विद्यापीठाच्या इंग्रजी विभागाने प्रसिद्ध केलेला, भारतीय इंग्रजी कादंबरीतील भाषिक प्रयोगांविषयीचा संग्रह.

या दुसऱ्या ग्रंथाचा सन ध्यानात ठेवण्यासारखा आहे. १९७४ साली सईद यांचा ग्रंथ लिहून व्हावयाचा होता, रश्दी यांची ती कादंबरी सात वर्षे दूर होती, आणि वसाहतोत्तर हा शब्द साहित्याच्या अध्यापकांच्या ओठी अद्याप आलेला नव्हता. लीड्स येथे १९६४ साली भरलेल्या परिषदेपासून ‘कॉमनवेल्थ लिटरेचर’ हे जरा मिंधेपणाचे नाव तेवढे चालू होते. अशा काळात राजा राव यांनी १९३८ च्या ‘कांतापुरा’त एका कानडी आजीबाईच्या तोंडी इंग्रजी घालताना त्या भाषेची वाक्ये कशी लांबविली, मुल्कराज आनंदांनी पंजाबी म्हणी आणि शिव्या इंग्रजीत कशा उतरविल्या, परक्या भाषेस आपल्या मातीचे वळण देण्यात कोठे यश आले आणि कोठे केवळ नखरा झाला, हे तपासण्याचा उद्योग पंचगंगेच्या काठी बसून केला जात होता. राज्यकर्त्यांच्या भाषेवर कबजा करून तिला आपल्या कामी लावणे, हा ‘द एम्पायर राइट्स बॅक’मधील मध्यवर्ती विचार; त्याचा कच्चा माल पंधरा वर्षे आधी येथे गोळा झालेला होता. फरक इतकाच की, कोल्हापूरकरांनी त्यास सिद्धान्ताचे नाव दिले नाही, आणि ज्या मालास नाव नाही तो बाजारात खपत नाही.

देसाई यांच्याच काळात येथे पीएच.डी. झालेले गणेश देवी यांनी ती उणीव काही अंशी भरून काढली. त्यांचा ‘आफ्टर अ‍ॅम्नेशिया’ हा ग्रंथ १९९२ साली निघाला आणि त्यास साहित्य अकादमी पुरस्कारही मिळाला. वसाहतकालीन शिक्षणाने आपल्याला एका विचित्र विस्मरणात ढकलले, असे त्यांचे प्रतिपादन आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचे संस्कृत काव्यशास्त्र आपल्याला आठवते, काल छापलेले पाश्चात्य पुस्तक आपल्याला ठाऊक असते, पण या दोहोंमध्ये पसरलेल्या सात-आठ शतकांतील मराठी, कानडी, गुजराती अशा देशभाषांच्या वाङ्मयीन जाणिवेचा मात्र आपल्याला पत्ता नसतो. मराठी वाचकास हा विचार अनोळखी वाटणार नाही, कारण भालचंद्र नेमाडे यांनी देशीयतेचा जो आग्रह धरला त्याच्याशी त्याचे नाते उघड आहे. तिकडे न्गुगी वा थिओंगो यांनी १९६८ साली नैरोबी विद्यापीठात इंग्रजी विभागच मोडून त्याजागी आफ्रिकी साहित्याचा विभाग स्थापावा, अशी मागणी सहकाऱ्यांसह केली होती आणि पुढे इंग्रजी सोडून गिकुयू भाषेत लिहिण्याचा मार्ग पत्करला. आपल्याकडे कोणी विभाग मोडा असे म्हटले नाही, पण नेमाडे आयुष्यभर इंग्रजी आणि तौलनिक साहित्य शिकवीत राहिले आणि लिहिले मात्र मराठीत.

देशीवादावर जे आक्षेप घेतले गेले तेही याच मातीतले आहेत आणि माझ्या मते ते अधिक मूलगामी आहेत. ज्या गावगाड्यास देशी म्हणून गौरवावयाचे, त्याच गावगाड्याने ज्यांना वेशीबाहेर ठेवले त्यांचे काय, हा प्रश्न दलित समीक्षेने विचारला. महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांस अर्पण केली, तेव्हाच या तुलनेची दिशा ठरून गेली होती. त्या दिशेने शंभरहून अधिक वर्षांनी शरणकुमार लिंबाळे यांनी शिवाजी विद्यापीठातूनच मराठी दलित साहित्य आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे साहित्य यांच्या तुलनेवर पीएच.डी. मिळविली. म्हणजे लंडन-न्यूयॉर्कच्या मध्यस्थीवाचून एका पीडित समाजाचे वाङ्मय दुसऱ्या पीडित समाजाच्या वाङ्मयाशेजारी ठेवून पाहण्याचे काम येथे झाले, आणि तेही मराठीचा विद्यार्थी म्हणून वावरणाऱ्या लेखकाच्या हातून. या कामाची दखल इंग्रजीच्या वर्गात किती घेतली जाते, हे ज्याचे त्याने आपल्या वर्गापुरते पाहावे.

फुल्यांचे नाव निघाल्यावर कोल्हापूरच्या संस्थानी स्थितीचा विचार टाळता येत नाही, कारण वसाहतोत्तर सिद्धान्ताची जी सरधोपट मांडणी पाठ्यपुस्तकांत असते ती येथे अडखळते. ‘राज्यकर्ता गोरा, प्रजा काळी’ असा सरळ हिशेब त्या मांडणीत असतो. कोल्हापुरात छत्रपतींची गादी होती आणि तिच्या शेजारी इंग्रज पोलिटिकल एजंटाची कचेरी होती. हुकूम एकाच्या नावाने निघे आणि त्यास संमती दुसऱ्याची लागे. छत्रपती राजाराम महाराज १८७० साली युरोपच्या प्रवासास गेले आणि परतीच्या वाटेवर त्याच वर्षी नोव्हेंबरअखेर फ्लॉरेन्स येथे ऐन तारुण्यात निधन पावले. त्यांची रोजनिशी कॅप्टन वेस्ट या इंग्रज अधिकाऱ्याने संपादून १८७२ मध्ये लंडनहून प्रसिद्ध केली. मांडलिक राजा इंग्लंडात हिंडतो, पाहतो, इंग्रजीत नोंदी ठेवतो, आणि त्याच्या माघारी त्या नोंदी जगापुढे कोणत्या रूपात याव्यात हे त्याच्यावर नेमलेला अधिकारी ठरवितो. या रोजनिशीत बोलतो आहे तो राजा किती आणि संपादक किती, हे वेगळे करण्याचा प्रयत्न पदव्युत्तर विद्यार्थ्याने केला, तर गायत्री स्पिव्हाक यांच्या १९८८ च्या त्या सुप्रसिद्ध आणि दुर्बोध निबंधातील, वंचितास बोलता येते काय, हा प्रश्न त्यास परका राहणार नाही. आणि गंमत अशी की, येथे ज्याचा आवाज शोधावयाचा तो कोणी वंचित नसून साक्षात छत्रपती आहे.

शाहू महाराजांच्या कारकिर्दीत हा गुंता आणखी वाढतो. वेदोक्ताच्या वादात त्यांच्या विरुद्ध उभे राहिलेले पुष्कळसे लोक राष्ट्रीय बाण्याचे होते. आणि २६ जुलै १९०२ चा सरकारी नोकऱ्यांतील निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवणारा हुकूम, किंवा जातवार वसतिगृहांची उभारणी, ही कामे ब्रिटिश सार्वभौमत्वाच्या छायेतच पार पडली. तेव्हा येथील बहुजनसमाजाच्या आठवणीत परकी सत्ता ही केवळ जुलमाची खूण नाही आणि स्वकीय म्हणजे नेहमीच आप्त असेही नाही. शाहूंच्या वसतिगृहांची परंपरा ज्या गावोगावच्या कुटुंबांच्या दारी पोहोचली, त्यांचीच मुले-मुली आज सायबर चौकातून विद्यापीठाच्या वाटेस लागतात. त्यांच्यापुढे ‘वसाहतवाद्याने आपली संस्कृती नष्ट केली’ हे वाक्य उच्चारताना अध्यापकाने क्षणभर थांबावे. आपली म्हणजे कोणाची, असे एखाद्या विद्यार्थिनीने विचारलेच, तर त्या वर्गात अध्ययनास खरा आरंभ झाला असे मी समजेन.

या दृष्टीने एक जोडी मी हटकून सुचवितो. चिनुआ अचेबे यांची ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ ही कादंबरी १९५८ सालची. इंग्रजीच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यास ती बहुधा परिचित असते. अण्णाभाऊ साठे यांची ‘फकिरा’ १९५९ सालची. तिच्यातील प्रदेश वारणेच्या खोऱ्यातला, अण्णाभाऊंचे वाटेगाव वाळवे तालुक्यातले, म्हणजे विद्यापीठाच्याच कार्यक्षेत्रातले. दोन्ही कादंबऱ्या एक-दोन वर्षांच्या अंतराने, एकमेकींची वार्ता नसताना लिहिल्या गेल्या. दोहोंचा नायक बलदंड, मानी आणि आपल्या समाजात पराक्रमाने नाव मिळविलेला. दोहोंच्या पूर्वार्धात गावाचे स्वतःचे विधी, स्वतःची भांडणे आणि स्वतःचे न्याय. दोहोंच्या उत्तरार्धात इंग्रज सरकारचा अंमल. अचेबे यांचा नायक ओकोन्क्वो याच्या गावच्या सहा पुढाऱ्यांस इंग्रज अधिकारी बोलणी करण्याच्या मिषाने बोलावून कैद करतो आणि त्यांची विटंबना होते. फकिराच्या समाजावर हजेरीची सक्ती लादली जाते आणि १८७१ पासून निरनिराळ्या रूपांत लागू होत गेलेल्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याची छाया त्या सक्तीवर पडलेली असते. एकाच्या मानहानीचा शेवट आत्महत्येत होतो. दुसरा सरकारी खजिना लुटून भुकेलेल्यांस जगवितो आणि अखेरीस आपली माणसे सरकारच्या कैदेत पडल्यामुळे स्वतः हजर होतो.

साम्ये मोजून थांबले तर ते परीक्षेचे उत्तर होईल. फरक पाहू लागले की वाङ्मयाचा विचार सुरू होतो. अचेबे यांच्या कादंबरीचा शेवटचा परिच्छेद डिस्ट्रिक्ट कमिशनरच्या मनातून लिहिलेला आहे. ओकोन्क्वोची सबंध जीवनकथा आपण भोगलेली असते आणि तो साहेब आपल्या नियोजित ग्रंथात त्या माणसास एखादा परिच्छेद द्यावा काय, याचा विचार करीत असतो. म्हणजे कोणाचे लिखाण इतिहास म्हणून टिकणार, हा प्रश्न अचेबे कादंबरीच्या रचनेतूनच उभा करतात. अण्णाभाऊ तसे करीत नाहीत. त्यांचे निवेदन पोवाड्याच्या आणि तमाशाच्या परंपरेतून आलेले आहे. सरकारी दप्तरास उत्तर म्हणून त्यांच्यापाशी लोकांच्या तोंडी असलेली कीर्ती आहे आणि तिच्यावर त्यांचा पूर्ण विश्वास आहे. शिवाय ‘फकिरा’तील गाव एकजिनसी नाही. तेथे मांगांच्या बाजूने उभे राहणारे विष्णुपंत कुलकर्णी आहेत आणि त्यांच्या जिवावर उठलेले स्वकीयही आहेत. एतद्देशीय विरुद्ध परकीय ही विभागणी तेथे जातीच्या उभ्या रेषेने छेदली गेली आहे. आफ्रिकी कादंबरीवरून बेतलेला सिद्धान्त मराठी कादंबरीस पुरत नाही, तो येथे. आणि मराठी कादंबरीने त्या सिद्धान्तात घालावयाची भर आहे, तीही येथेच. असे असून एक पुस्तक इंग्रजी विभागात ‘वसाहतोत्तर साहित्य’ म्हणून आणि दुसरे मराठी विभागात ‘दलित साहित्य’ म्हणून शिकविण्याचा शिरस्ता आहे, आणि दोन्ही विभागांतील अंतर चालत काही मिनिटांचे असले तरी विद्यार्थी ते ओलांडीत नाहीत.

उत्तर-आधुनिक कादंबरीच्या अध्ययनाची हकीकत यापेक्षा निराळी आणि काहीशी केविलवाणी आहे. जॉन फाउल्स आपल्या १९६९ च्या कादंबरीस एकाहून अधिक शेवट देतात, इटालो काल्व्हिनो १९७९ मध्ये वाचकालाच कादंबरीचे पात्र करतात, कोएत्झी १९८६ च्या ‘फो’मध्ये रॉबिन्सन क्रूसोची गोष्ट एका स्त्रीच्या तोंडून नव्याने उभी करून जीभ कापलेल्या फ्रायडेच्या मौनापाशी आणून सोडतात, या खेळांची गंमत कळावयाची तर ज्या वास्तववादी कादंबरीची मोडतोड चालली आहे ती आधी भरपूर वाचलेली असावी लागते. आपल्या विद्यार्थ्याने डिकन्स पुरता वाचलेला नसतो. मोडण्यासाठी लागणारे घर बांधण्याआधीच मोडण्याचे शिक्षण दिल्यामुळे, निवेदक अनेक आले की कादंबरी उत्तर-आधुनिक, आणि पुराणकथा आली की तीही उत्तर-आधुनिक, अशा यांत्रिक खुणा तो शिकतो.

या खुणा किती फसव्या आहेत ते कोल्हापूरच्याच दोन कादंबऱ्यांवरून दाखविता येते. वि. स. खांडेकर १९३८ पासून कोल्हापुरात राहिले आणि त्यांची ‘ययाती’ १९५९ साली प्रसिद्ध झाली. तीत ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा हे आपापल्या तोंडाने कथा सांगतात. आजऱ्याच्या शिवाजी सावंतांच्या १९६७ च्या ‘मृत्युंजय’मध्ये कर्णासह सहा निवेदक आहेत. पुराणकथेचे पुनर्लेखन आहे, निवेदकांची अदलाबदल आहे; मग या उत्तर-आधुनिक म्हणाव्यात काय? मुळीच नाही. देवयानी ययातीहून वेगळे बोलते तेव्हा आपल्याला तिचा स्वभाव कळतो, घडलेल्या गोष्टीचा खरेपणा डळमळत नाही. आणि ‘मृत्युंजय’मध्ये तर सहाही आवाज मिळून एकाच कर्णाच्या थोरवीची साक्ष देतात. खांडेकरांचा ध्येयवाद आणि सावंतांची वीरपूजा या दोहोंना सत्याच्या अस्तित्वाविषयी शंका नाही. मॅकहेल यांनी म्हटल्याप्रमाणे, आधुनिक कादंबरी ‘जग मला कळेल कसे’ असे विचारते आणि उत्तर-आधुनिक कादंबरी ‘हे जग आहे तरी कोणते’ असे विचारते. ही कसोटी लावली तर ‘ययाती’ दोहोंच्याही अलीकडे उभी राहते. हे म्हणण्यात तिचा अधिक्षेप नाही. उलट ज्या रचनेवर खांडेकरांस मराठीतील पहिला ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला, ती रचना नव्या परिभाषेच्या उसन्या अलंकारांवाचून समजून घेण्यासारखी आहे.

कसोटीस उतरणारे मराठी लेखन आहे, पण ते अभ्यासक्रमाच्या कडेला पडते. नेमाडे यांच्या १९६३ च्या ‘कोसला’त रोजनिशी आणि इतिहासलेखनाच्या थाटाचे विडंबन आहे, किरण नगरकरांच्या ‘सात सक्कं त्रेचाळीस’मध्ये काळाची साखळी १९७४ सालीच तुटलेली आहे, विलास सारंग यांची ‘एन्कीच्या राज्यात’ आणि श्याम मनोहरांची ‘कळ’ या दोन टोकांच्या कादंबऱ्या वाचकाची नेहमीची समजूतच पायाखालून काढून घेतात. यांतील श्याम मनोहर मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात, कारण त्यांचा संशय पॅरिसच्या पुस्तकातून आलेला नाही. मध्यमवर्गीय मराठी घरातील साध्या बोलण्यात विचार करण्याची कुवत किती उरली आहे, या एतद्देशीय कुतूहलातून तो जन्मला आहे. नेमाडे यांच्या २०१० च्या ‘हिंदू’चे प्रकरण आणखी वेगळे. मोहेंजोदडोच्या उत्खननात गुंतलेल्या खंडेरावापासून तिचा आरंभ होतो आणि थरावर थर उकरीत ती जाते. तिचा घाट पाहिला तर ती उत्तर-आधुनिक वाटते, हेतू पाहिला तर वसाहतोत्तर, आणि लेखकाला विचारले तर तो या दोन्ही बिल्ल्यांस नकार देईल. असे पुस्तक वर्गात लावणे अध्यापकाच्या हिमतीचे काम आहे, पण दोन्ही वादांची झटापट एका ग्रंथात पाहावयाची असेल तर रश्दी यांच्याइतकाच तो उपयोगी आहे.

अध्यापनाच्या प्रत्यक्ष स्थितीविषयी फार लिहिण्यासारखे नाही, कारण ती सर्वांस ठाऊक आहे. सत्र पद्धतीत एका कादंबरीच्या वाट्यास मोजके तास येतात. सिद्धान्तग्रंथांच्या मूळ आवृत्त्या महाग असतात. आणि मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी होमी भाभा यांच्या वाक्यापाशी अडला की गाईडाकडे वळतो, यात त्याचा दोष नाही. मिलिंद मालशे आणि अशोक जोशी यांचा ‘आधुनिक समीक्षा-सिद्धान्त’ हा मराठी ग्रंथ २००७ पासून उपलब्ध आहे, गंगाधर पाटील यांचे त्याहून जुने विवेचन आहे. परंतु इंग्रजीच्या विद्यार्थ्याने मराठी ग्रंथ वाचून सिद्धान्त समजून घेणे हे कमीपणाचे मानण्याची एक खोड आपल्या विभागांना जडलेली आहे. ती वसाहतवादाचीच शिल्लक आहे, हे वसाहतोत्तर साहित्याच्या तासाला कोणी सांगत नाही. प्रबंधांचे म्हणावे तर एखाद्या भारतीय इंग्रजी लेखकाचे नाव घ्यावे, त्यापुढे ‘वसाहतोत्तर दृष्टिकोनातून अभ्यास’ असे लिहावे आणि पहिली दोन प्रकरणे मागल्या प्रबंधांतून उचलावीत, या पद्धतीने पदव्या मिळतात, ज्ञान वाढत नाही. एजाज अहमद यांनी १९९२ मध्येच बजावले होते की, तिसऱ्या जगाचे साहित्य म्हणून जे पाश्चात्य विद्यापीठांत शिकविले जाते ते बहुतांशी इंग्रजीत लिहिलेले किंवा इंग्रजीत आलेले तेवढेच असते. ती मर्यादा परदेशातील अध्यापकावर भाषेच्या अज्ञानाने लादली जाते. कोल्हापुरातील अध्यापकाने ती आपखुशीने का पत्करावी, याला काही सबळ कारण मला दिसत नाही.

येथल्या विद्यार्थ्यापाशी मराठी असते, सीमेलगतच्या कित्येकांपाशी कानडीही असते, आणि इंग्रजी तो शिकतोच आहे. तीन भाषांतील कादंबरी मुळातून वाचू शकणारा वर्ग जगातील फार थोड्या विद्यापीठांस लाभला असेल. तेव्हा विद्यापीठाच्या अभ्यासमंडळांस माझी विनंती इतकीच आहे की, इंग्रजी, मराठी आणि इतर भारतीय भाषा यांची निदान एक अभ्यासपत्रिका सामाईक करावी, तीत अचेबेंशेजारी अण्णाभाऊ, रश्दींशेजारी नेमाडे आणि राजा रावांशेजारी शांतिनाथ देसाई लावावेत, आणि तिच्या उत्तरपत्रिका विद्यार्थ्यास हव्या त्या भाषेत लिहू द्याव्यात. आणि विद्यार्थ्यांस सांगावयाचे ते असे की, परीक्षेची वाट न पाहता खर्डेकर ग्रंथालयात जाऊन १९७४ सालचा तो संग्रह मागून घ्यावा आणि वाचावा.